भोजनगृहातील गळतीविषयी आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

आपल्या भाचीच्या लग्नात भोजनगृहात पाणी गळले आणि पाहुण्यांना ताटे हातात घेऊन उठावे लागले, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. वधूपक्षाला तो प्रसंग किती लाजिरवाणा वाटला असेल, हे मला कळते. त्या दोन बादल्या मीच आणून ठेवल्या होत्या.

आपण एकच तारा दिलात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु "२२ हजार भाडे घेतात आणि छताला डांबर फासायचे पैसे खिशात घालतात" हे आपले वाक्य मला फार लागले. ते वाचून दोन कुटुंबांनी नोंदणी रद्द करण्याविषयी विचारणा केली आहे, म्हणून खुलासा येथेच करणे भाग आहे.

हे सभागृह माझ्या मालकीचे नाही. ते नगरपरिषदेचे असून लिलावात बोली लावून आम्ही ते भाडेपट्ट्याने घेतले आहे. करारनाम्यानुसार रंगरंगोटी, नळ, दिवे, पंखे, स्वच्छतागृहे आणि झाडलोट आमच्याकडे आहे. भिंती, स्लॅब आणि गच्ची नगरपरिषदेकडे. आगीपासूनच्या सुरक्षेची जबाबदारी २००६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने जागा वापरणाऱ्यावरही येते, आणि तेथे आम्ही कोणाची वाट पाहत नाही. दर जानेवारीत व जुलैत यंत्रणा तपासून घेतलेले प्रमाणपत्र कार्यालयाच्या दारामागे लावलेले असते. (दार दिवसभर उघडे असल्याने ते आपल्याला दिसले नसावे.)

गच्चीचे तसे नाही. ब्रिकबॅट कोबा (पाणी मुरू नये म्हणून गच्चीवर घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) कठड्याला जेथे मिळतो तेथे बोटभर रुंद भेग पडली आहे आणि त्या भेगेत पिंपळ उगवतो. मी तो दरवर्षी कापते, तो दरवर्षी पुन्हा येतो, कारण मुळे आत गेली आहेत. कोबा फोडून नवा करायचा तर नगरपरिषदेची लेखी परवानगी हवी; ती नसताना हात लावला तर करारभंग होऊन अनामत जप्त होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो, हे मलाही ठाऊक आहे. आमच्या वकिलांनी ते कलम वाचून दाखवले आणि लगेच हेही दाखवले की करारात वेगळे काही ठरलेले नसेल तरच ते लागू होते. आमच्या करारात वेगळे ठरलेले आहे.

मी आजवर चार अर्ज दिले असून चारही अर्जांच्या, पोचेचा गोल शिक्का असलेल्या प्रती माझ्याकडे आहेत. पहिल्यावर "अंदाजपत्रक तयार करण्याचे काम चालू आहे" असे उत्तर आले. त्या वेळी प्रशासक होते. पुढे आचारसंहिता लागली, २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले, नवे पदाधिकारी आले, आणि चौथ्या अर्जावर "निविदा पावसाळ्यानंतर काढण्यात येईल" असे कळवण्यात आले. भर पावसात कोबा करता येत नाही, हे खरेच आहे. मात्र भाडे भरायला एक दिवस उशीर झाला, तर आम्हाला दंड त्याच महिन्यात लागतो. त्यात यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने लग्नाचे मुहूर्त जूनच्या उत्तरार्धात ढकलले गेले. एरवी पावसाळ्यात आम्ही फारशी लग्ने घेतच नाही.

आणखी एक गोष्ट नाइलाजाने लिहिते. नोंदणीच्या वेळी पूर्वेकडचा कोपरा मोकळा ठेवण्यास मी सांगितले होते, आणि आपल्या केटररने सकाळी टेबले तेथेच लावली. मी हरकत घेतल्यावर "पाऊस आला तर बघू" असे आपणच म्हणाला होतात. अर्थात ती सूचना पावतीवर लेखी द्यायला हवी होती, ही चूक माझी आहे.

यापुढे ती पावतीवर छापली जाईल, गच्चीवर ताडपत्री घालण्याची तोंडी परवानगी मिळाली आहे, आणि भोजनगृहापुरत्या भाड्याच्या परताव्याबद्दल आपण कार्यालयात आलात तर नक्की काहीतरी मार्ग काढू. करारनामा आणि चारही अर्जांच्या प्रती तेव्हा आपण पाहू शकता. त्याच वेळी आपली तक्रार मुख्याधिकाऱ्यांच्या नावेही लेखी दिलीत तर बरे होईल. निदान पाचवा अर्ज माझ्या एकटीच्या सहीचा नसेल.

आपली नम्र,
सभागृह चालक