डावा पाय दुखतो तो हालोलच्या अंतरामुळे नाही

दर वर्षी जून-जुलैत बडोद्याच्या मराठी घरांतून एकच तक्रार ऐकू येते. पोराला किंवा पोरीला हालोल, मंजुसर, पोर नाहीतर वाघोडियाच्या एखाद्या कंपनीत नोकरी लागलेली असते, घरची जुनी गाडी हातात आलेली असते, आणि महिनाभरात आई म्हणते, "एवढ्या लांबच्या नोकरीने पार चेहरा उतरला गं." मला हे पटत नाही. हालोल सुमारे 40 किलोमीटर. शहराबाहेरचा हायवेचा चौक, गोल्डन चोकडी, ओलांडली की गाडी पाचव्या गिअरला लागते आणि डावा पाय नुसता आराम करतो. माणूस दमतो ते शहरातल्या पाच-सात किलोमीटरमध्ये, आणि तिथे दमवतो क्लच.

सुरुवात सीटपासून करा. घरची गाडी म्हणजे सीट बाबांच्या मापाची असते आणि नव्वद टक्के मुलं ती तशीच चालवतात. क्लच पूर्ण तळाला दाबून बघा: गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि कंबर पाठीच्या गादीवरून सुटता कामा नये. पाय ताणावा लागत असेल तर सीट पुढे घ्या. मग हात सरळ करून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतं का ते पाहा. टेकत नसेल तर सीटची पाठ थोडी उभी करा. एवढ्यानेच अर्ध्या जणांचं कंबरदुखीचं रडगाणं थांबेल.

आता खरा गुन्हा. सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच दाबून 90 सेकंद उभं राहणं. यात पायाचा त्रास आहेच, पण क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंगही तेवढा वेळ दाबाखाली फिरत राहतं. न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, पाय बाजूला ठेवा. दुसरा गुन्हा चढावरचा. जांबुवाच्या अरुंद पुलापाशी किंवा गेंडा सर्कलच्या फ्लायओव्हरवर रांग थांबली की लोक हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरतात. तेव्हा क्लचची प्लेट इंजिनच्या चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, घासत असते आणि सगळी ताकद उष्णतेत जाते. जळका वास येतो तो तिचाच. हँडब्रेकवर थांबा, क्लच सोडत गाडीचं नाक जरा उचललं की मगच हँडब्रेक सोडा.

मुंगीच्या चालीच्या ट्रॅफिकमध्ये पुढच्याच्या बंपरला चिकटू नका. गाडीभर जागा होऊ द्या, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडा आणि गाडी आयडलवर सरकू द्या. मधल्या जागेत एखादी अ‍ॅक्टिव्हा घुसेल. घुसू दे.

प्लेट संपत आली की इंजिनचा आवाज चढतो पण वेग त्या मानाने चढत नाही, आणि पेडल पार वर आल्यावर गाडी पकडते. हे विशेषतः चौथ्या गिअरमध्ये, चढावर जाणवतं. तेव्हा मेकॅनिकला नुसती प्लेट बदलायला सांगू नका. प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, कारण तिन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरी त्याचीच असते.

"मग एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी, घेऊ का?" घ्या, पाय वाचेल. पण क्लच तिच्यातही आहेच, फक्त तो मोटर दाबते. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरलीत तर तीही तशीच जळते.

निघायच्या वेळेबद्दल थोडक्यात. एक आठवडा पंधरा मिनिटं आधी निघून बघा. स्कूल व्हॅन, रिक्षा आणि कंपन्यांच्या बसेस एकाच वेळी चोकडीवर येतात, त्याआधी तुम्ही पार झालात तर क्लच निम्म्या वेळाच दाबावा लागतो. उरलेली मिनिटं कंपनीच्या गेटवर चहाला.

पावसाळ्यात अलकापुरीचा किंवा प्रियलक्ष्मी मिलचा गरनाळा, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, पाण्याने भरला असेल तर वळा, लांबचा रस्ता घ्या. पुढची गाडी गेली म्हणून आपली जाईल असं नसतं, कारण तिची एअर इनटेक, म्हणजे इंजिन हवा ओढतं ती जागा, कुठल्या उंचीवर आहे ते आपल्याला दिसत नाही. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, ढकलून बाहेर काढा. बहुतेक वेळा इंजिनचा चुराडा त्या दुसऱ्या सेल्फने होतो, आणि साध्या पॉलिसीत हा खर्च बहुधा बसत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं कलम वेगळं घ्यावं लागतं. ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर ज्यांनी गॅरेजच्या रांगा पाहिल्या, त्यांना हे सांगायला नको.

करजणच्या पलीकडे, भरूचच्या बाजूला रोज जाणाऱ्यांनी फास्टॅगच्या वार्षिक पासचा हिशोब करावा. ऑगस्ट 2025 मध्ये तो 3,000 रुपयांत सुरू झाला. खासगी गाडीला 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. म्हणजे तेव्हाच्या दराने फेरीला 15 रुपये. पण नाक्यावरून जाणं एक फेरी आणि येणं दुसरी, त्यामुळे रोजच्या नोकरीत तो चार महिन्यांत संपतो. आणि चालतो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि एक्सप्रेसवेच्या नाक्यांवर.

राहिली झोप. नवरात्रात रात्री दोनला गरब्याहून येऊन सकाळी सातला हायवेवर जाणारी मंडळी काच उघडतात, गाणी मोठी करतात, मावा चघळतात. यातलं काहीच झोप घालवत नाही. डुलकी येतेय असं वाटलं तर पंपावर गाडी लावून वीस मिनिटं खरंच झोपा. आणि माझं ऐकाल तर त्या नऊ दिवसांत गाडी घरीच ठेवा, कंपनीच्या बसने जा. बसमध्ये घोरलात तरी कुणाला धडकत नाही.