सावित्रीबाईंच्या कविता म्हणे जोतिरावांनी लिहिल्या!

3 जानेवारी, म्हणजे सावित्रीबाईंची जयंती, जवळ आली की नागपुरातल्या ग्रुपांवर, मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत, एक फॉरवर्ड फिरू लागतो. म्हणणं असं: सावित्रीबाई फुले जेमतेम साक्षर होत्या, शाळा मिशनऱ्यांची होती आणि कविता जोतिरावांनी लिहून बायकोच्या नावावर खपवल्या.

कवितांचंच आधी घेऊ. ‘काव्यफुले’ हा त्यांचा कवितासंग्रह 1854 सालचा. सावित्रीबाई तेव्हा 23 वर्षांच्या. संग्रहात ‘पिवळा चाफा’, ‘जाईचे फूल’ आहेत आणि ‘इंग्रजी माउली’ही आहे. फॉरवर्डवाले पुढच्या पुस्तकाचं नावच काढत नाहीत, कारण ते अडचणीचं आहे. ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ हे जोतिरावांचं पद्यचरित्र ते गेल्यावरचं. जोतिराव वारले 28 नोव्हेंबर 1890 ला. मग हेही त्यांनीच लिहून दिलं का?

‘जेमतेम साक्षर’ हे तर लग्नाच्या वेळचं, म्हणजे 1840 चं, वय वर्षं नऊ! पुढे घरी जोतिरावांनी शिकवलं, नगरला मिस फरार आणि पुण्यात मिचेलबाई या मिशनरी बायकांकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण झालं. 1877 च्या दुष्काळात जुन्नरहून जोतिरावांना लिहिलेलं त्यांचं पत्रही उपलब्ध आहे.

आता मिशनरी. प्रशिक्षण त्यांच्याकडचं, हे खरंच. लपवायचं काय त्यात? शाळा मात्र त्यांची नव्हती. 1882 मध्ये हंटर आयोगापुढच्या, म्हणजे सरकारच्या शिक्षण आयोगापुढच्या, निवेदनात जोतिराव स्वतः सांगतात की पुण्यात मिशनऱ्यांची मुलींची शाळा होती, एतद्देशीयांची, म्हणजे इथल्या लोकांची, नव्हती, म्हणून आपण काढली आणि तिथे आपण व आपल्या पत्नीने कित्येक वर्षं काम केलं. 3 जुलै 1851 ला बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात, मग रास्ता पेठेत आणि वेताळ पेठेत अशा शाळा निघाल्या. पुढे त्यांना दक्षिणा फंडातून महिना 75 रुपये मिळू लागले. तो पैसा सरकारी, मिशनचा नव्हे.

बाई म्हातारपणाने गेल्या, हेही त्यात घुसडलेलं असतं. पुण्यात प्लेगची साथ होती. मुंढव्याहून आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेताना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

एका ठिकाणी मात्र आपलीच बाजू लंगडी आहे. ‘भारतातली पहिली मुलींची शाळा’ असं बॅनरवर छापलं की समोरचा मुंबईतली अमेरिकन मिशनची 1824 ची शाळा काढतो, आणि बरोबर काढतो. फुल्यांची पुण्यातल्या भिडेवाड्यातली पहिली शाळा 1848 ची. बॅनरवर ‘एतद्देशीयांनी मुलींसाठी काढलेली पुण्यातली पहिली शाळा’ असंच छापा.