नाकाच्या स्प्रेची ‘सवय’: एका फिरत्या मेसेजचा प्रतिवाद

घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर नाकाच्या ॲलर्जीविषयी एक मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सततच्या शिंका म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाल्याची खूण, ठाण्यात त्या बांधकामांच्या धुळीमुळेच येतात, म्हणून खिडक्या बंद ठेवाव्यात, डॉक्टर देतात तो स्प्रे स्टिरॉइडचा असतो, त्याची सवय लागते आणि हाडे ठिसूळ होतात, त्याऐवजी दही-केळी सोडून रात्री नाकात मोहरीचे तेल घातले की 21 दिवसांत ॲलर्जी मुळापासून जाते. नौपाड्यात माझे औषधांचे दुकान आहे, आणि हा मेसेज मोबाइलवर दाखवून ‘तो स्प्रे आम्ही बंद केला’ असे सांगणारी माणसे वरचेवर काउंटरवर येतात, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आधी सवयीचा मुद्दा, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. नाकात घालायच्या एका औषधाची सवय खरोखर लागते, पण ते औषध वेगळे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसवतात आणि चोंदलेले नाक काही मिनिटांत मोकळे करतात. मात्र असर ओसरला की त्या वाहिन्या पुन्हा फुगतात, आणि हे थेंब आठवड्याहून अधिक काळ चालू ठेवले तर पुढे नाक चोंदते तेच मुळी थेंबांमुळे. माझ्याकडे येणाऱ्या एका काकांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी ही बाटली असे, आणि हिशेब होईपर्यंत ते तोंड फिरवून एकदा तरी थेंब घालून घेत. अशी चार वर्षे गेली होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांचे थेंब सोडवले ते मेसेजने बदनाम केलेला स्टिरॉइड स्प्रे देऊनच. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनच्या या स्प्रेने तत्काळ मोकळे वाटत नाही. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला कधी कधी दोन आठवडे लागतात, त्यामुळे त्याची तलफ येण्याचा प्रश्नच नाही. उलट चौथ्याच दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून तो टाकून देणारेच अधिक भेटतात. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या, म्हणून एकीचे पाप दुसरीच्या माथी बसले आहे.

हाडांची भीती मात्रेचा हिशेब केला की बरीचशी निवळते. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटच्या नेहमीच्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम औषध असते. मोठ्या माणसाने दोन्ही नाकपुड्यांत रोज दोन-दोन फवारे मारले तरी ते 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.2 मिलिग्रॅम होते, आणि त्यातलाही फार थोडा अंश रक्तात पोहोचतो. हाडे ठिसूळ होण्याचा खरा धोका महिनोन्महिने पोटात घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचा, आणि त्या 5, 10, 20 मिलिग्रॅमच्या असतात. स्प्रे अगदी निर्दोष आहे असेही नाही: नाक कोरडे पडते, कधी रक्त येते, लहान मुलांना तो बराच काळ द्यावा लागला तर डॉक्टर त्यांच्या उंचीवर लक्ष ठेवतात. रक्त येण्यामागे पुष्कळदा धरण्याची चूक असते. मान किंचित खाली ठेवून उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने फवारा मारला, म्हणजे तो मधल्या पडद्यावर न आपटता बाहेरच्या बाजूला जातो.

प्रतिकारशक्तीचा मुद्दा तर उलटाच आहे. ॲलर्जीत शरीर निरुपद्रवी कणांना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. 1960च्या दशकात त्यांचा शोध लागला. पुढे तेच कण नाकात गेले की तिथल्या पेशींतून हिस्टामिन सुटते आणि शिंका, खाज, पाण्यासारखा शेंबूड सुरू होतो. प्रतिकारशक्ती वाढवायच्या काढ्याने हा गैरसमज कसा मिटणार?

धुळीबाबत मेसेजला अर्धे गुण द्यायला हवेत. बांधकामांची आणि मेट्रोच्या कामाची धूळ नाकाला झोंबते आणि असलेला त्रास वाढवते, यात शंका नाही. परंतु रस्ता अजून शांत असताना, सकाळी उठल्या उठल्या ज्यांना दहा-दहा शिंका येतात, त्यांनी अंथरुणाकडेही पाहावे. आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारे आणि हवेतला ओलावा शोषणारे, जेमतेम पाव मिलिमीटरचे धुळीतले किडे गाद्या-उशांत राहतात, आणि खाडीकाठच्या दमट हवेत त्यांना काहीच कमी पडत नाही. खिडक्या सतत बंद ठेवल्या तर ओल घरातच कोंडते आणि भिंतीवरच्या बुरशीचेही फावते. दिवाणाच्या पोटात वर्षभर पडलेली गोधडी गणपतीत पाहुण्यांसाठी बाहेर निघते, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे गोळी मागायला दुकानात येतात. तिला नुसते ऊन दाखवून भागत नाही, कारण ॲलर्जी मुख्यतः किड्यांच्या विष्ठेची असते आणि ती धुतल्यावरच जाते. चादरी-अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. धुळीला कंटाळून एक गिऱ्हाईक खारघरला राहायला गेले; गाद्या सोबत नेल्या, शिंकाही सोबत गेल्या.

दही आणि केळी यांचा या शिंकांशी बहुतेकांच्या बाबतीत काही संबंध नसतो. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटत असेल तर तेवढा पदार्थ टाळावा.

राहिले तेल. नाकात घातलेले तेल घशातून श्वासनलिकेत उतरू शकते आणि फुप्फुसात साचून न्यूमोनिया होऊ शकतो. तान्ह्या मुलांना आणि वृद्धांना हा धोका अधिक. नाक धुवायचेच असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून धुवावे, नळाचे पाणी थेट वापरू नये. 21 दिवसांत बरे झालेल्यांचे अनुभव खोटे नसतील, पण तेवढ्यात ऋतूही पालटतो. ॲलर्जीच्या मुळाशी जाणारा उपचार आहे तो इम्युनोथेरपीचा: त्वचेवरच्या चाचणीने कारण ओळखून तोच घटक अल्प मात्रेत इंजेक्शनने किंवा जिभेखाली, साधारण तीन वर्षे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात, आणि तोही सर्वांना लागू पडत नाही.

एकाच बाजूची नाकपुडी कायम चोंदलेली असणे, तिच्यातून रक्त किंवा दुर्गंधी येणे, रात्री छातीत घरघर होणे, यांचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. असे काही असेल तर माझ्याकडे गोळी मागू नये. आधी डॉक्टरांकडे जावे.