‘माझ्याकडे तर चालतंय’ हे उत्तर नाहीये राव

कोणीतरी साधा प्रश्न विचारतं की बाबा २०१३ चा एक झग्याचा मॉड (म्हणजे चाहत्यांनी गेमसाठी बनवलेली जोड) सापडलाय, दिसायला भारी आहे, स्कायरिम गेमच्या स्पेशल एडिशनमध्ये टाकला तर सेफ आहे का, आणि मग जे सुरू होतं ते वाचून डोकं फिरतं माझं. एक जण म्हणणार ‘माझ्याकडे तर चालतंय’. दुसरा लगेच ‘एवढा जुना मॉड? सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, जाणार तुझी, लिहून घे’. तिसरा म्हणणार ‘नवीन टाक ना त्यापेक्षा’. झालं. विचारणारा जिथे होता तिथेच, वर घाबरलेला. अरे चालतंय म्हणजे कशावर चालतंय? कुठलं व्हर्जन, पात्राची कुठली बॉडी, तू तो झगा घालून गावातून एक चक्कर तरी मारलीस का नुसता मेनूत बघून आलास? काही नाही. चालतंय म्हणे.

आणि मुळात ‘सेफ’ म्हणजे काय हे कोणी विचारतच नाही. व्हायरस येईल का हा एक प्रश्न, गेम क्रॅश होईल का हा दुसरा, आणि नंतर मॉड काढला तर सेव्हची वाट लागेल का हा तिसरा. तिघांचा एकमेकांशी फार संबंध नाही. पण लोक तिन्ही एकाच पातेल्यात ढवळतात आणि जो सगळ्यात जोरात ओरडेल त्याचं खरं.

व्हायरसचंच घ्या आधी. नुसत्या कपड्यांच्या मॉडमध्ये असतं काय? निफ फाइली म्हणजे कपड्याचा आकार, म्हणजेच मेश, डीडीएस फाइली म्हणजे त्यावरचा रंग नि कापडाचा पोत, म्हणजेच टेक्स्चर, आणि एक ईएसपी प्लगिन, जे गेमला सांगतं की बाबा ही एक नवीन वस्तू आहे, एवढं वजन, एवढं आर्मर, लोहाराकडे बनवता येईल. हा सगळा डेटा आहे, आपोआप चालू होणारा प्रोग्राम नाही. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडमधून फ्रॅक्चरायझर नावाचा मालवेअर पसरला होता, तो खराच होता आणि घाबरण्यासारखाच होता, पण ते मॉड म्हणजे जावामधला कोड, तो चालतोच. तेव्हापासून कोणीही उठतो आणि एका रेशमी झग्याबद्दल विचारणाऱ्याला ते उदाहरण फेकून मारतो. अरे झगा आहे तो. त्यात डीएलएल असेल, एक्झी असेल, म्हणजे चालणारा कोड असेल, तर बोल. आणि गंमत म्हणजे ज्याची भीती खरंच बाळगायला पाहिजे ते कोणी सांगतच नाही, की मूळ पान गायब झालेला जुना मॉड कुठल्यातरी तिसऱ्याच साइटवरून, पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये, वर ‘इन्स्टॉलर’ नावाच्या एक्झीसकट उतरवू नकोस. झग्याला इन्स्टॉलर कशाला लागतो? झिप उघडायची, मेशेस आणि टेक्स्चर्सचे फोल्डर दिसले तर ठीक, एक्झी दिसली की डिलीट. एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण नाही, त्यापेक्षा ‘मी तर कधीच जुने मॉड टाकत नाही’ असा रुबाब दाखवायचा.

आता क्रॅश. इथे खरं दुखणं आहे आणि इथेच सगळ्यात जास्त फेकाफेक चालते. मूळ स्कायरिम आलं ११ नोव्हेंबर २०११ ला, ३२ बिटचं. स्पेशल एडिशन आलं २८ ऑक्टोबर २०१६ ला, ६४ बिटचं. वरून गेम तोच दिसतो, तेच ड्रॅगन, तेच व्हाइटरन शहर, पण आतून फाइलींची रचना बदलली. मेश साठवायची पद्धत बदलली, प्लगिनचा फॉर्म नंबर ४३ चा ४४ झाला, फाइली बांधून ठेवायची बीएसए पुडकी वेगळी झाली. म्हणजे २०१६ च्या आधीचा मॉड तसाच्या तसा आत टाकलास तर कधी काहीच होणार नाही, कधी झगा अर्धाच दिसेल, आणि कधी गेम सरळ डेस्कटॉपवर आणून आपटेल. आणि वैताग म्हणजे तो टाकल्या टाकल्या क्रॅश होत नाही ना! लगेच झाला असता तर कळलं तरी असतं. मेश लोड व्हायच्या वेळेला होतो. माझं असंच झालं, एक जुना लोकरीचा अंगरखा, मला स्वतःला घालायचाही नव्हता, पण त्या मॉडने तो गावातल्या लोकांच्या कपड्यांच्या यादीतही घुसवलेला, आणि हे वर्णनात कुठेही लिहिलेलं नाही. मग काय, व्हाइटरनच्या बाजारात गेलं की कधी क्रॅश, कधी नाही. कारण ज्या बाईच्या अंगावर तो अंगरखा यायचा ती कधी बाजारात असायची, कधी नसायची! आणि मी बसलोय ग्राफिक्सच्या सेटिंग खालीवर करत, मेमरी तपासत, ड्रायव्हर बदलत. शेवटी क्रॅश कशाने झाला ते नोंदवणारा क्रॅश लॉगर टाकला, लॉग उघडला, तर आकड्यांच्या जंजाळात मधेच त्या अंगरख्याच्या निफ फाइलीचं नाव, शेवटी अंडरस्कोर वन. कॉलरसकट नाव समोर. चिडून हसायला आलं.

बरं त्या अंडरस्कोर वनचंही सांगतो, कारण हेही कोणी सांगत नाही. कपड्याच्या दोन मेश असतात, एक बारीक अंगासाठी अंडरस्कोर झिरो, एक भरलेल्या अंगासाठी अंडरस्कोर वन, आणि गेम त्या दोघींच्या मधलं काहीतरी काढून दाखवतो. दोघींचे बिंदू सारखेच असले पाहिजेत. जुन्या मॉडमध्ये कोणीतरी एकच मेश दुरुस्त करतो, दुसरी तशीच ठेवतो, आणि मग तुमचं पात्र मनगटापासून आभाळापर्यंत ताणलेल्या त्रिकोणांचा झेंडा होऊन फिरतं. ते बघून लोक म्हणतात ‘ग्राफिक्स कार्ड गेलं वाटतं’. नाही रे बाबा, झगा गेलाय.

बॉडीचा घोळ तर विचारूच नका. पात्राच्या शरीराचेही मॉड असतात, सीबीबीई, यूएनपी वगैरे, मग कपडा सीबीबीईवर बेतलाय का यूएनपीवर, हे पहिल्या ओळीत लिहायला काय जातं? मापाचा शर्ट दुसऱ्याला घातला तर जे होतं तेच होणार, मानेपाशी फट, मनगटाचा रंग वेगळा, पोटातून कापड आरपार. हे धोकादायक नाही, नुसतं कुरूप आहे. बॉडीस्लाइड आणि आउटफिट स्टुडिओमध्ये बसून कपडा आपल्या बॉडीला जुळवता येतो, येतं ते, पण एका संध्याकाळचं कामही नाही आणि पाच मिनिटांचंही नाही. आणि टेक्स्चर सापडलं नाही की जांभळं दिसतं, हे माहीत नसलेला माणूस जांभळा झगा बघून ‘कलर ऑप्शन मस्त आहे’ असंही म्हणू शकतो, मी त्याला दोष देणार नाही.

झुलणारे कपडे हा अजून एक प्रकार. जुन्या गेममध्ये पदर, झालर, केस हलवायला एचडीटीचं जुनं एक्स्टेन्शन होतं. ते नवीन एडिशनसाठी नाही. तिथे एसएमपी लागतं, त्याच्या फाइली वेगळ्या, सेटअप वेगळा. म्हणजे जुन्या मॉडच्या फोटोत जो घागरा वाऱ्यावर उडतोय तो तुमच्याकडे फळीसारखा ताठ उभा राहणार. उंच टाचांचंही तेच, जुन्या पद्धतीने उंची वाढवलेली असेल तर नवीन गेमला ते कळतच नाही आणि बाई घोट्यापर्यंत जमिनीत रुतून चालते. फोटो मात्र तेच ठेवलेले. जुन्या गेममधले. खाली लिहिलंय ‘स्पेशल एडिशनवर पण चालेल बहुतेक’. बहुतेक! हा ‘बहुतेक’ वाचला की हात शिवशिवतात माझे.

सेव्हचा प्रश्न मात्र खरंच गंभीर आहे आणि तिथेच लोक सगळ्यात हलक्यात घेतात. ‘आवडला नाही तर काढून टाक ना’. अरे, स्क्रिप्ट नसलेला साधा कपडा असेल तर काढ, आधी अंगावरून उतरव, पेट्यांतून बाहेर फेक, सेव्ह कर, मग काढ, शक्यतो काही होत नाही, वस्तू फक्त नाहीशी होते. पण त्यात पॅपायरस, म्हणजे गेमच्या स्वतःच्या भाषेतली, स्क्रिप्ट असेल, म्हणजे घातल्यावर जादू चढते, मेनू उघडतो, दुकानदारांच्या मालात गेम चालू असताना वस्तू घुसवते, तर ती स्क्रिप्ट तुमच्या सेव्हमध्ये जाऊन बसते. मॉड गेला तरी तिचं भूत तिथेच. आणि ज्याने ‘काढून टाक ना’ सांगितलं तो तोवर दुसऱ्या कोणाला तरी तेच सांगत असतो.

आणि ती पेटी! जुन्या मॉडवाल्यांची आवडती खोड. कपडा लोहाराकडे बनवायला ठेवायच्या ऐवजी गेममधल्या रिव्हरवुड गावात कुठल्यातरी झाडामागे एक पेटी ठेवायची, त्यात कपडे. आता ती पेटी ठेवताना एडिटरमध्ये माऊस इकडचा तिकडे झाला, आजूबाजूचं काहीतरी हललं, चालायच्या वाटांचं जाळं म्हणजे नॅव्हमेश डिलीट झालं, आणि ते सगळं प्लगिनमध्ये सेव्ह झालं. एका पायमोज्यापायी तुमच्या गावातली माणसं भिंतीला धडका देतायत किंवा गेम बंद पडतोय. एसएसईएडिट या प्लगिन तपासायच्या टूलमध्ये प्लगिन उघडलं की दिसतं हे, कपड्यांच्या मॉडमध्ये आर्मरच्या नोंदी सोडून सेल (म्हणजे गेममधल्या जागा) आणि नॅव्हमेश दिसले की समजायचं काय ते. पण साधं साफ करायचं बटण दाबून डिलीट झालेलं नॅव्हमेश परत येत नाही, ते हाताने दुरुस्त करावं लागतं, हे ‘क्लीन करून घे की’ म्हणणाऱ्यांना कोण सांगणार?

सगळ्यात जास्त राग मला ‘जुना म्हणजे खराब’वाल्यांचा येतो, कारण ते अर्धवट माहितीवर ठाम असतात. डिसेंबर २०२३ मध्ये गेमचं १.६.११३० अपडेट आलं तेव्हा काय झालं आठवतंय? डीएलएलवाले मॉड पटापट आडवे पडले, एसकेएसई, म्हणजे हे मॉड ज्याच्या आधारावर चालतात ते टूल, नवीन येईपर्यंत सगळे हात बांधून बसलेले. वर नवीन प्लगिनचा हेडर १.७१ झाला, म्हणजे जुन्या १.५.९७ व्हर्जनवर थांबलेल्या लोकांना नवीन मॉड वाचताच येईनात, त्यासाठी अजून एक जोडमॉड टाकावा लागला. आणि नीट रूपांतर केलेला, नुसत्या मेश-टेक्स्चरचा, बिनस्क्रिप्टचा तो जुना झगा? तो ढिम्म. त्याला अपडेटचं सोयरसुतकच नाही कारण त्यात मोडण्यासारखं काही नव्हतंच. कालचा चकचकीत मॉड तुमचा गेम बंद पाडतो आणि दहा वर्षांपूर्वीचा सदरा निवांत. तारीख बघून काय कळतं मग? घंटा कळतं.

पण हे ‘नीट रूपांतर’ म्हटलं की आला पुढचा शहाणा. ‘कॅथेड्रल असेट्स ऑप्टिमायझरमधून काढ, झालं.’ झालं नाही. ते टूल जुन्या फाइली नव्या रचनेत बदलतं, मेश होतात, बऱ्याचदा छान होतात. पण टोप्या, केस, बुरखे यांतलं जे हेडपार्ट, म्हणजे डोक्याचा भाग, म्हणून लागतं त्याला वेगळी सेटिंग असते, ती विसरलात तर चेहराच गायब. प्लगिन वेगळं, ते क्रिएशन किट या गेमच्या अधिकृत एडिटरमध्ये उघडून परत सेव्ह करायचं म्हणजे ४३ चं ४४ होतं. बीएसए असेल तर आधी सोडवून घ्यायची. मॉड सांभाळणारा मॉड ऑर्गनायझर तर बिचारा स्वतःहून इशारा देतो की हे प्लगिन फॉर्म ४३ चं आहे, आणि लोक तो इशारा बंद करायचा कसा ते विचारतात!

बनवणाऱ्यांवर माझा राग नाही फारसा. फुकट दिलंय, रात्ररात्र जागून शिवलंय, २०१४ नंतर गेम सोडून दिला असेल, त्यांची मर्जी. परवानगीत ‘रूपांतर करून टाकू नये’ लिहून गायब झाले, त्यानेही त्रास होतो, पण कपडा त्यांचा आहे. राग आहे तो रूपांतर केलं म्हणून मिरवत चढवणाऱ्यांवर, जे जुनीच झिप नवीन नावाने चढवतात आणि खाली लिहितात ‘टेस्टेड’. काय टेस्ट केलंस? मेश तशीच, प्लगिन ४३ चंच, आत फोल्डरमधले फोटो बघताना विंडोज आपोआप बनवतं ती थम्ब्स डॉट डीबीपण तशीच पडलेली, म्हणजे झिप उघडून फोटो बघण्यापलीकडे काही केलेलं नाहीस. कुठली बॉडी, कुठलं व्हर्जन, स्क्रिप्ट आहे का नाही, पेटी कुठे ठेवलीये, लोकांच्या कपड्यांच्या यादीत हात घातलाय का. दोन ओळी. दोन ओळी लिहायला बोटं झिजतात का तुमची? फोटो मात्र बावीस, त्यातले वीस सूर्यास्ताचे.