जमीन फार खाली आहे

कंबर धरली तेव्हा मी काही गोवर्धन उचलत नव्हतो. इंदिरानगरातल्या आमच्या घरात डिसेंबरातल्या एका सकाळी पायमोजा उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. काटकोनात. बायकोने विचारलं, "काय हरवलंय?" म्हटलं, "कंबर."

डॉक्टर म्हणाले, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती रुसलीय. फार लोळू नका, झेपेल तेवढं चालत राहा. मी लोळण्याची चिठ्ठी मिळेल या आशेने गेलो होतो.

घरी आल्यावर कळलं, आपला निम्मा संसार जमिनीवर मांडलेला असतो. बादली खाली, तांदळाचा डबा ओट्याखाली, सिलिंडर त्याच्याही मागे. बादली स्टुलावर चढवली. डबा वर आला. खाली पडलेलं उचलायला भांडीबाजारातून हातभर लांब लोखंडी चिमटा आणला. तो घेऊन जिना चढताना खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "कुंभाची तयारी का? नाशिकला बसणार की त्र्यंबकला?"

उठण्याचंही एक शास्त्र आहे. कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच दमात हाताने रेटा देऊन बसायचं. हे जमतं. शिंकेचं अवघड. ती यायच्या आत भिंतीला हात टेकायचा, गुडघे सैल सोडायचे, पाठ ताठ. त्यामुळे फोडणीच्या वेळी मी भिंत सोडत नाही.

स्वीडनच्या नॅकेमसन नावाच्या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात लोकांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. उभ्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला. ही माहिती मी ऑफिसला दांडी मारायला वापरणार होतो. बायको म्हणाली, "मग उभ्याने भांडी घासा." घासतो. एक पाय पाटावर ठेवायचा, थोड्या वेळाने दुसरा. कंबरेला खरंच आराम पडतो, हे मात्र मी तिला सांगितलेलं नाही.

संक्रांतीला पंचवटीत, सासूबाईंच्या आत्यांकडे तिळगूळ घ्यायला जाणं भाग होतं. जुना वाडा, दार बुटकं. कमरेत न वाकता गुडघ्यांत बसत, बदकासारखा आत शिरलो. आता नमस्कार. उभ्याने हात जोडावेत तर जावई माजला म्हणतील. शेवटी दोन्ही गुडघे टेकले, पाठ ताठ ठेवली आणि त्यांच्या पायांना हात लावला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई गहिवरल्या. "आजकाल असा नमस्कार कोण करतं!" म्हणत त्यांनी शंभराची नोट हातात ठेवली. ती माझ्या हातून निसटली.

मी नोटेकडे पाहिलं. चिमटा घरी राहिला होता.

आत्याबाई गुडघे न वाकवता, कमरेतून सरळ खाली गेल्या, नोट उचलली, माझ्या खिशात कोंबली आणि मला हात दिला. "उठा जावईबापू. वय झालं की व्हायचंच असं."