गोल शिक्का नाही का, ताई?

प्रकरण काल मिटलं. माझा राग मात्र अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. कुणी समजूत घालायला येऊ नये.

मागच्या सोमवारी भर दुपारी दीड वाजता मी जळगावला आमच्या कॉलेजच्या ऑफिसात उभी होते. बाहेर पारा त्रेचाळीसला टेकलेला आणि पंखा फक्त भाऊसाहेबांच्या डोक्यावर. त्यांनी माझं इंटर्नशिपचं सर्टिफिकेट हातात घेतलं, पालथं केलं, उजेडाला धरून पाहिलं आणि म्हणाले, “गोल शिक्का नाही का, ताई?”

सहा आठवडे पुण्यात काढून आणलेला तो कागद. त्यावर कंपनीचं नाव होतं, माझं नाव होतं, तारखा होत्या, तीन ओळींत माझं कौतुक होतं. भाऊसाहेबांना दिसलं ते एवढंच, जे त्यावर नव्हतं.

“भाऊसाहेब, याच्यावर डिजिटल सही आहे.”

“सही आहे ना. मी कुठं म्हणतो नाही? शिक्का नाही.”

“डिजिटल सही असली की शिक्का लागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा आहे ना, २००० सालचा.”

“२००० साली मी याच टेबलावर होतो,” भाऊसाहेब म्हणाले. “असं काही आलं नव्हतं.”

हा कायदा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे. भाऊसाहेब त्याच्याहून मोठे. वयाचा मान ठेवायचा म्हणून मी गप्प बसले.

मी एम.एस्सी. कॉम्प्युटर, पहिलं वर्ष. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या सेमिस्टरला ओजेटी आलंय, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. ४ क्रेडिटचं, १२० तासांचं. मला मिळालेल्या कंपनीने सहा आठवडे ठेवून घेतलं, म्हणजे तास झाले दुप्पट. फुकटात हाताखाली माणूस मिळतंय म्हटल्यावर कोण लवकर सोडतं? कागद जमा झाल्याशिवाय तिसऱ्या सेमिस्टरचा फॉर्म घेणार नाहीत, आणि शिक्क्याशिवाय कागद घेणार नाहीत.

ऑफिसच्या पायरीवरूनच मी पुण्याला एचआरच्या मुलीला फोन लावला.

“शिक्का? यू मीन स्टॅम्प पेपर?”

“नाही नाही, रबरी शिक्का. गोल.”

“पण आपण पेपरलेस आहोत ना,” ती म्हणाली. ‘आपण’ म्हणाली! सहा आठवडे मी ‘ती जळगावची इंटर्न’ होते. अमळनेरची आहे, असं चारदा सांगूनही. शिक्का मागितल्यावर एकदम ‘आपण’ झाले.

अमळनेरचं निघालं म्हणून सांगते. मी राहायचे वाकडला, कॉट बेसिसवर. एका खोलीत चार कॉट, चार चार्जर आणि एक खिडकी, तीही लिफ्टच्या डक्टमध्ये उघडणारी. पहिल्याच रात्री शेजारच्या कॉटवरची विचारते, “अमळनेर म्हणजे गुजरातमध्ये ना?” बाई गं, २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं ते काय गुजरातमध्ये? तू रोज हिंजवडीला ज्या बसने जातेस ती विप्रो सर्कलवरून जाते. त्या विप्रोचा जन्म १९४५ साली आमच्या अमळनेरला झाला, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. ज्यांनी तेव्हा शेअर घेतले आणि विसरून गेले त्यांची घरं आज बघण्यासारखी आहेत. आमच्या आजोबांनी त्या पैशात म्हैस घेतली. म्हैस चांगली होती म्हणतात.

तर शिक्का.

कॉलेजच्या गेटसमोर आप्पांचं झेरॉक्सचं दुकान आहे. दोन मशीन, त्यातलं एक कायम उघडं आणि त्याच्या पोटात आप्पांचा हात. बाहेर पाटी : झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म, पॅनकार्ड, रबरी शिक्के. मी गेले होते थंड पाणी प्यायला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली आप्पा कुणालाही देतात. माझा चेहरा बघून म्हणाले, “काय, गोल शिक्का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“सकाळपासून तू चौथी.”

मग त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, मशीनमधून हात काढला, फडक्याला पुसला आणि चौकशी सुरू केली. आप्पांची चौकशी म्हणजे लग्नाच्या बैठकीसारखी असते, मुद्द्याला यायची घाई नाही.

“किती दिवस होती?”

“सहा आठवडे.”

“पैसे किती दिले?”

“दिले नाहीत.”

“तू नाही दिले?”

“नाही हो, त्यांनी नाही दिले. अनपेड होती.”

आप्पा थांबले. दुकानात एक म्हातारे बाबा सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आले होते, तेही थांबले.

“आणि राहायचं, खायचं?”

“कॉटचे सहा हजार महिना, मेसचे तीन. बसभाडं धरून एकूण सोळा हजार गेले.” हे सोळा हजार पप्पांनी राहिलेला कापूस विकून दिले होते. ते मी सांगितलं नाही.

“म्हणजे तू सोळा हजार देऊन त्यांचं काम केलं,” आप्पा म्हणाले. “आमच्याकडं निंदायला बाई लावली तर तिला रोज द्यावा लागतो. चहा वेगळा. तीनदा.”

मी एक्सपोजर, नेटवर्किंग, सीव्ही असं काहीतरी बोलणार होते. पण टोनरच्या वासात ते शब्द तोंडातून निघेनात.

बाबांनी मध्येच विचारलं, “माय, जेवाले तरी देयेत का तठे?”

“नाही, बाबा.”

“मंग कसाले गयथी वं माय?”

“ओजेटी होतं, बाबा.”

बाबांचा चेहरा एकदम पडला. जरा जवळ येऊन हळूच म्हणाले, “बरी व्हयनी का मंग आते?”

हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, हो बाबा, बरं आहे आता. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. सगळ्या उन्हाळ्यात माझी इतक्या मायेने विचारपूस करणारा हा एकमेव माणूस, आणि त्याला वाटलं मला आजार झाला होता.

आप्पांचं डोकं मात्र योजनांकडे वळलं होतं. “तू लाडका भाऊमध्ये का नाही बसली? बारावीला सहा हजार, डिप्लोमाला आठ, ग्रॅज्युएटला दहा. सरकार देत होतं.”

“त्यात शिक्षण चालू असलेले बसत नाहीत. ते केंद्राचं पाच हजारवालं निघालं, त्यातही नाही.”

“म्हणजे शिकणाऱ्याला शिकाऊ होता येत नाही?”

“पगार घेऊन नाही.”

“बरं, लाडकी बहीण?”

“आप्पा, मी शिक्क्यासाठी आलेय!”

“हां, शिक्का.” त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक जुनी वही काढली. वहीत पानोपानी शिक्क्यांचे ठसे. ग्रामपंचायत, विकास सोसायटी, दोन दातांचे डॉक्टर, एक भजनी मंडळ, केळी ग्रुपचं ऑफिस, ‘रोख’, ‘उधार’, ‘उधार बंद’. माणसं लग्नाचे अल्बम दाखवतात तशी आप्पांनी ती वही मला पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवली. प्रत्येक ठशाची हकिगत. भजनी मंडळाला शिक्का कशाला लागतो? तर म्हणे बँकेत खातं उघडायला. आधी त्यांनी चौकोनी केला होता, बँकेने परत पाठवला.

“चौकोनी दोनशे, गोल साडेतीनशे,” आप्पा म्हणाले.

“गोलाला दीडशे जास्त का?”

“अक्षरं वळवावी लागतात ना!”

आणि बोलता बोलता त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. स्क्रीनवर एक गोल आला. “कंपनीचं नाव सांग. खाली ‘पुणे’ टाकू. मध्ये चांदणी देऊ का? चांदणी दिली की वजन येतं.”

“आप्पा, हा गुन्हा आहे! दुसऱ्याच्या कंपनीचा शिक्का असा कसा बनवता येईल?”

“मी फक्त बनवणार. मारणार तू.”

मी उठले. पाण्याची बाटली परत ठेवली. आप्पांना वाईट वाटलं असावं. स्क्रीनवरच्या रिकाम्या गोलाकडे बघत म्हणाले, “नुसती चांदणी तरी बघून जायची.”

त्या रात्री घरी बसून मी कायदा शोधला. कंपनीला स्वतःची मोहर असलीच पाहिजे ही सक्ती २०१५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती करून काढून टाकली आहे. असली तर असली, नसली तर नसली. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पुन्हा जळगाव गाठलं, आप्पांकडेच त्या दुरुस्तीची प्रिंट काढली, दोन रुपये, आणि भाऊसाहेबांपुढे ठेवली.

त्यांनी चष्मा चढवून ती वाचली. पूर्ण वाचली, हे कबूल केलं पाहिजे. मग कागद पालथा केला.

“याच्यावरही शिक्का नाही,” ते म्हणाले.

आता खरं दुखणं सांगते. त्या सहा आठवड्यांत मी काय केलं, हे मला एकाही माणसाने विचारलेलं नाही. भाऊसाहेबांनी नाही, गाईड मॅडमनी नाही, मावशीने तर नाहीच. (मावशीने विचारलं, “तिथं चांगली मुलं होती का?”) तर न विचारता सांगते. माझ्याकडे एक एक्सेल शीट होती. ग्राहकांचे पत्ते, अकरा हजार ओळी. लोकांनी गावांची नावं मनाला येईल तशी टाकलेली, ती एकसारखी करायची. एकट्या जळगावचे सतरा प्रकार निघाले. जळगाव, जळगांव, जलगांव, जालगाव, जळगाव खान्देश, जळगाव के., आणि एक नुसतंच ‘ज.’. माझ्या आधी कुणीतरी घाईत यातल्या तीनशे ओळी जालन्यात टाकून दिल्या होत्या. जालना! मी त्या एकेक करून परत आणल्या. पिनकोड बघून, तालुका बघून. एरंडोल जालन्यात, पारोळा जालन्यात, आमच्या शेजारच्या गल्लीतलं एक किराणा दुकान जालन्यात. चार दिवस लागले. टीम लीडला सांगितलं तर हेडफोन न काढता म्हणाला, “कूल.” वर मी “दुरुस्त करून राहिली होती” असं म्हटलं म्हणून मागच्या टेबलावरच्या दोघांना हसू आलं आणि आठवडाभर ते एकमेकांना “चहा पिऊन राहिला का?” विचारत होते. तीनशे घरं परत खान्देशात आणली त्याची दखल नाही. ‘राहिली’ची घेतली.

सर्टिफिकेटवर यातलं काही नाही. तिथे लिहिलंय की मी ‘डायनॅमिक एन्व्हायर्नमेंटमध्ये मोलाचं योगदान’ दिलं. हेच वाक्य माझ्यासोबतच्या मुलाच्याही सर्टिफिकेटवर आहे, आणि तो दुसऱ्या आठवड्यानंतर आलाच नव्हता.

असो. बुधवारी मी एचआरच्या मुलीला पुन्हा फोन केला, आणि या वेळी रडले. ठरवून नाही, पण रडू येतंय म्हटल्यावर थांबवलंही नाही. ती बिचारी घाबरली. अर्ध्या तासाने तिचा मेसेज, “बिल्डिंगच्या गेटवर आहे एक राऊंडवाला. चालेल?”

मी लिहिलं, गोल आहे ना? चालेल.

शुक्रवारी कुरिअर घरी आलं. पैसे पोचल्यावर द्यायचे, म्हणजे मी. एकशे वीस रुपये. पेपरलेस कंपनीने आयुष्यात पहिल्यांदा कागद पाठवला तोही माझ्या खर्चाने. पाकीट फोडलं. खाली उजव्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा टपोरा गोल, थोडा फिसकटलेला. मी फोनच्या टॉर्चमध्ये वाचला. वरच्या अर्धवर्तुळात ‘सिक्युरिटी’. मध्ये चांदणी. खालच्या अर्धवर्तुळात ‘मटेरियल आऊट’.

काल तो कागद घेऊन गेले. सबंध गाडीत घाम फुटत होता. धरणगाव येईपर्यंत मी तीन वेगवेगळी स्पष्टीकरणं तयार केली होती, त्यातलं एक इंग्रजीतून.

भाऊसाहेबांनी कागद घेतला. उजेडाला धरला. अंगठ्याने शाई घासून बघितली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

“हं. आता कसं!” ते म्हणाले. “हेच आधी आणलं असतं तर चार चकरा झाल्या असत्या का?”

ड्रॉवरमधून त्यांनी स्वतःचा शिक्का काढला, पॅडवर दोनदा आपटला आणि माझ्या पोचपावतीवर मारला. ‘आवक’. तारीख, क्रमांक, बारीक सही.

मी पावतीकडे बघत राहिले.

“भाऊसाहेब, हा चौकोनी आहे.”

“तो आमचा आहे, ताई,” ते म्हणाले आणि पुढच्या मुलाचा कागद पालथा केला.