आजीचं माहेर दुसऱ्या देशात होतं

झालं असं की आजीच्या माहेरच्या जमिनीची वाटणी निघाली, आटपाडीच्या बाजूला, सगळी कोरडवाहू, आणि भाच्यांना आजीची हक्कसोड पाहिजे होती. आजी नव्वदी पार पण व्यवहाराला पक्की. म्हणाली, "सही करीन की, पण आधी माझ्या बापाचा कागद दावा." मग ट्रंक उघडली. कापडी दप्तरातनं एक पिवळा पडलेला कागद निघाला, घडीवर फाटलेला, कडेला कसर लागलेली, मजकूर सगळा मोडीत आणि वर शिक्का औंध संस्थानाचा. तो घेऊन मी एका ऑफिसात गेलो (कुठल्या ते सोडा), तिथल्या पोरानं उलटासुलटा करून बघितला आणि मला विचारतो, "औंध म्हणजे पुण्यातलं का?"

त्या पोराचा काय दोष, हे औंध साताऱ्याकडचं आणि आटपाडी त्याच्याच संस्थानात, हे मला तरी कुठं धड माहीत होतं.

त्याच आठवड्यात माझ्या भाच्यानं मला एक रील पाठवलेलं, नकाशावरून गायब झालेले देश म्हणून. सोव्हिएत युनियन, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनी, खाली दुःखी म्युझिक. आणि आम्ही सांगलीकर ते बघून हळहळतो! अरे बाबांनो, आपण रोज गायब झालेल्या राज्यांतनं वडापनं फिरतोय. सांगली एक राजधानी, मिरज दुसरी, आणि धाकट्या पातीच्या मिरजेची राजधानी बुधगाव. तीन राजधान्या, अर्ध्या तासात, तेही मधी चहाला थांबून. ८ मार्च १९४८ ला ही सगळी दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, आज त्या तारखेला महिला दिनाचे मेसेज येतात, दुसरं काय घडलं होतं ते कुणाच्या ध्यानातपण नसतं.

आता कुणीतरी म्हणेल संस्थान म्हणजे काय देश नव्हे, डोक्यावर इंग्रज होताच. मान्य. पण स्वतःचं कोर्ट, स्वतःचा स्टँप, स्वतःचा तुरुंग आणि आमची आजी अजून म्हणते "आमच्या राजाच्या टायमाला". शाळेत सूर्यनमस्कार सक्तीचे होते, कारण राजालाच त्याचं वेड. वयाच्या पंच्याऐंशीपर्यंत आजी सकाळी चार तरी घालायची, आम्हाला वाटायचं टीव्हीवर बघून करते.

मला या सगळ्यात काय वाटतं सांगू का, देश मरतो पण त्याचं दप्तर मरत नाही. चेकोस्लोव्हाकिया १९९३ ला फुटला, भांडण नाही तंटा नाही, पण फोनचा कोड एकच होता, ४२. तो फोडला १९९७ ला, चेकला ४२० आणि स्लोव्हाकियाला ४२१. म्हणजे डिट्टो आपल्या सातबाऱ्यासारखं, गट नंबर ४२ चे पोटहिस्से! युगोस्लाव्हियाचा कोड होता ३८, त्याचे पडता पडता सात पोटहिस्से झाले, ३८१, ३८५, ३८६ असे, पण तिथं बांधावरून रक्त सांडलं, गावंच्या गावं गेली. युगोस्लाव्हिया हे नाव २००३ ला अधिकृतपणे संपलं तरी इंटरनेटवरचं त्यांचं डॉट वाययू २०१० पर्यंत जिवंत होतं. सोव्हिएतचं डॉट एसयू तर अजून चालू आहे, देश जाऊन तीस वर्षं उलटली तरी.

आणि लांब कशाला जायचं, पावसाळ्यात अख्खी सांगली सकाळी उठून पहिलं काय विचारते? आयर्विनला पाणी किती? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं तेव्हा तर झोपेत पण तोच आकडा. हा आयर्विन म्हणजे इंग्रजांचा व्हाइसरॉय. साम्राज्य गेलं, आम्ही त्याच्या नावानं पूर मोजतोय.

साताऱ्याचं तर मला वाईटच वाटतं. आपल्याकडं अटकेपार झेंडे म्हटलं की छाती फुगते, स्टेटस पडतात, पण त्या छत्रपतींच्या गादीचं शेवटी काय झालं ते विचारा कुणाला. प्रतापसिंह महाराजांना १८३९ ला इंग्रजांनी पदच्युत करून काशीला पाठवलं, ते तिथंच वारले. भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब १८४८ ला गेले, दत्तक नामंजूर आणि राज्य खालसा. आणि या सगळ्या काळात महाराजांचा वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला तळ ठोकून. एक चौदा वर्षं! अर्ज, विनंत्या, भाषणं. मधी ज्यांची बाजू मांडायला गेला ते महाराज वारले, मग राज्यच गेलं, तरी माणूस हटला नाही. मला पानिपतापेक्षा हे जास्त लागतं, खोटं कशाला बोलू. तलवारीनं हरणं वेगळं आणि ऑफिसच्या बाकड्यावर बसून हरणं वेगळं, दुसऱ्याची चव मला आत्ताच ताजी ताजी मिळालेली आहे. बाय द वे ज्या कंपनीनं त्याला फिरवलं ती ईस्ट इंडिया कंपनी पण १८७४ ला विसर्जित झाली.

पण परत औंधावर येतो, कारण खरी मजा तिथं आहे. बहात्तर गावांचं संस्थान, तेपण सलग नाही, औंध एकीकडं, कुंडल, आटपाडी, आणि एक तुकडा थेट विजापूरकडं गुणदाळला. आणि एवढ्याशा राज्याचा राजा, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, १९३९ ला आपणहून अधिकार सोडतो आणि गावांच्या पंचायतींच्या हातात कारभार देतो. त्याची घटना करताना गांधीजींचा सल्ला होता आणि खटपट करणाऱ्यांत होता मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर. हा माणूस वॉर्सात जन्मला तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता, १७९५ ला वाटणी झाली ती १९१८ ला परत उगवला. म्हणजे बघा, ज्याच्या देशाचे तीन शेजाऱ्यांनी वाटे करून घेतलेले तो माणूस माणदेशात येऊन स्वराज्याचा मसुदा करतोय. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून कैद्यांची वसाहत काढली, भिंत नाही, कैदी कुटुंबासकट राहून शेती करणार. संस्थान गेलं, स्वतंत्रपूर अजून चालू आहे.

तिकडं कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिलेले. युद्ध संपलं तर त्यातल्या कित्येकांची गावं सोव्हिएतमध्ये गेलेली, आणि ज्या संस्थानानं आसरा दिला ते पण १९४९ ला विलीन.

युक्रेनमध्ये मुकाचेवो म्हणून गाव आहे. तिथं १९१० ला जन्मलेला माणूस घर न सोडता ऑस्ट्रिया-हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, सोव्हिएत युनियन आणि जास्त जगला असेल तर युक्रेन, अशा पाच देशांत राहिला. हे मी आजीला मोठ्या कौतुकानं सांगितलं. आजी म्हणाली त्यात काय मोठं. आणि तिचा हिशोब बरोबर आहे की, आधी औंध संस्थान, मग मुंबई प्रांत, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा, मग द्विभाषिक मुंबई राज्य, मग १९६० ला महाराष्ट्र आणि जिल्ह्याचं नाव सांगली. घर तेच, बोर तीच, पाण्याची बोंब तीच. दक्षिण सातारा म्हटलं तर आता गूगलला पण कळत नाही.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात हैदराबाद गॅझेट, सातारा गॅझेट, म्हणजे जुन्या सरकारी नोंदी, हेच तर चाललंय. बाजू कुणाची बरोबर त्यात मी पडत नाही, पण निजामाचं राज्य १९४८ ला संपलं आणि २०२५ च्या जीआरमध्ये त्याचा कागद पुरावा म्हणून येतो, याच्यापुढं रीलमधलं दुःखी म्युझिक काय घेऊन बसलाय. मोडी वाचणाऱ्यांना तर सध्या फुरसत नाही, मला नंबर लागायला तीन आठवडे लागले.

शेवटी परवा वाचून मिळाला. निम्मा कागद गेलाय, पण चतुःसीमा शाबूत होती. पूर्वेस ओढा. पश्चिमेस अमक्याचं शेत. उत्तरेस गाडीवाट. आणि दक्षिणेस, मोडीवाल्या काकांनी दोनदा वाचलं, "इंग्रजी हद्द".

रविवारी आजीला गाडीत घालून घेऊन गेलो. ओढ्यावर आता पूल आहे. दक्षिणेकडच्या बांधावर आजी काठी टेकून उभी राहिली, म्हणाली, "हितनं पलीकडं शेरडं गेली की आमचा बा वरडायचा, इंग्रजात गेली रं." इंग्रजात आता शेजाऱ्याचं डाळिंब आहे, ठिबकवरचं. आजीनं अजून हक्कसोडीवर सही केलेली नाही.